बाभुळगावची जपानी सरस्वती

बाभुळगावात माझ्या मित्राच्या बैठकीतल्या भिंतीवर मी त्याच्या जिवंत, धडधाकट मुलीचं भूत काढून ठेवलं. खाली ‘अनेक शुभाशीर्वाद’ असं लिहून झोकदार सहीही ठोकली.

मुद्दाम नाही काढलं. मी काढायला गेलो होतो सरस्वती. पण काढलं ते भूत, आणि तेही शास्त्रशुद्ध. जपानातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं लांबून बघून सांगावं की ही बाई मेलेली आहे, इतकं बिनचूक. आयुष्यभर मी ड्रॉईंग मास्तर म्हणून जे काही काढलं त्यात हे एवढं एकच चित्र नियमाप्रमाणे उतरलं असेल.

ही मुलगी नर्सिंग शिकलेली. जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मुली लागतात, हे तिनं कुठून तरी ऐकलं आणि नागपूरला खोली करून ती भाषा शिकली. परीक्षा पास झाली. मग एका वृद्धाश्रमाची मुलाखत कॉम्प्युटरवर झाली, तेव्हा समोरच्यांनी प्रश्न विचारले आणि हिनं भीतीनं तोंडच उघडलं नाही. आता दुसऱ्या एका वृद्धाश्रमाच्या संचालिका तिच्याशी बोलणार होत्या, आणि त्यांना मुलीचं घर आणि घरची माणसंही बघायची होती. म्हणून मुलाखत बाभुळगावातच, घरच्या बैठकीत.

बाप माझा बालमित्र. कापूस, तूर, सोयाबीन, आणि उरलेल्या वेळात माझी टिंगल, एवढं त्याचं पीकपाणी. त्यानं मुलीला सांगून ठेवलं होतं, “हे जमलं त जमलं. नाही त यवतमाळच्या दवाखान्यात डाक्टरनं जागा ठेवली आहे, मुकाट्यानं थे धरजो.” मुलगी त्याच्यासमोर हो म्हणाली. मागून आईला म्हणाली, “आई, मले जायचंच आहे.” आईनं हे माझ्या बायकोला सांगितलं, बायकोनं मला. म्हणजे पणाला काय लागलंय हे मला चांगलं ठाऊक होतं. माहीत नव्हतं म्हणून घडलं, अशी पळवाट मला नाही.

उलट घोटाळा झाला तो मला फार माहीत होतं म्हणून.

नागपूरला रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एकदा जपानी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. रद्दीवाला ते वजनावर विकत होता आणि पुस्तक वजनदार होतं. तेव्हापासून मी यवतमाळ जिल्ह्यातला जपानी चित्रकलेचा एकमेव जाणकार आहे. दुसरा कोणी असेल तर त्यानं अजून तोंड दाखवलेलं नाही. शिक्षकांच्या शिबिरात, वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात, एकदा तर एका साखरपुड्यात जेवणाची पंगत लांबली तेव्हा, मी त्या चित्रांमधल्या खुणा उलगडून सांगितल्या आहेत. बाईनं कंबरपट्ट्याची गाठ पुढं बांधली असेल तर ती नायकीण, मागं बांधली असेल तर घरंदाज. दात काळे केलेले असतील तर लग्न झालेली. मागं पाइनचं झाड असेल, क्रौंच असेल, तर दीर्घायुष्य. आपला महाकाळ तिकडं जाऊन तांदळाच्या पोत्यांवर उभा राहिला, हसायला लागला आणि दुकानदारांचा देव झाला. आपली सरस्वती तिकडं गेली, तिनं वीणा ठेवली आणि तिथलं आखूड मानेचं तंतुवाद्य मांडीवर घेतलं. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे तिथले चित्रकार रोजच्या बाईला बेधडक देवी करतात. गल्लीतल्या एखाद्या देखण्या नायकिणीला बोधिसत्त्वाच्या पांढऱ्या हत्तीवर बसवतात. बघणाऱ्यानं ओळखायचं, गालातल्या गालात हसायचं, आणि पटलं तर हातही जोडायचे. देव आणि बाजार एकाच कागदावर.

तेव्हा मित्राच्या मुलीची मुलाखत ठरल्यावर मला जे सुचलं ते कोणालाही सुचलं असतं. निदान मला तसं वाटलं. तिकडची सरस्वती काढायची, चेहरा आपल्या मुलीचा. संचालिका बाईंच्या नजरेला मुलगी पडेल, मागं चित्र पडेल, त्या चकित होतील आणि म्हणतील, या खेड्यात आमची खूण कोणाला कळली? मग मुलगी म्हणेल, आमच्या काकांना. मग मी सहज दाराआडून पुढं येईन. इथपर्यंत मी ठरवलं होतं.

पुस्तकातल्या एका चित्रावरून ट्रेसिंग केलं, चौकोन पाडून मोठं केलं आणि कागदाची गुंडाळी घेऊन बाभुळगावला गेलो. मित्रानं कागद भिंतीला लावून पाहिला आणि त्याचं तोंड आंबलं.

“हे देवाकडे पाठ करून बसली बे.”

त्यांचं देवघर बैठकीच्या उगवतीच्या कोपऱ्यात, भिंतीतल्या कोनाड्यात. माझी सरस्वती मावळतीकडे बघत होती. वहिनींनीही डोकं हलवलं. “भाऊजी, शुभ कामाले देवाकडे पाठ नाही चालत. तोंड फिरवा तिचं.”

मी म्हटलं, तोंड फिरवणं सोपं नाही, मूळ चित्रातच तसं आहे. मित्र म्हणाला, “कागद उलटा कर न लेका. पारदर्शक त आहे.”

तर कागद उलटा केला. सरस्वती देवघराकडे बघायला लागली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

मग त्याला वाद्य दिसलं. “आन् हे सतार कायले? पोरगी नर्स आहे. थ्या बाईले वाटीन गाणं म्हणायले येऊन राह्यली.”

मी म्हटलं, ते तंतुवाद्य म्हणजेच तर सरस्वतीची खूण आहे, ते काढलं तर उरलं काय? तो म्हणाला, पोरगी उरली. अर्धा तास वाद घातला. वहिनींनी चहा आणला, वाद पुन्हा घातला, आणि शेवटी मी वाद्य काढून टाकलं. तारांवर ठेवलेले दोन हात तेवढे राहिले. छातीसमोर, मनगटापासून खाली लोंबते. मी स्वतःला समजावलं की नाजूक दिसतात.

उरलेल्या चुका कोणी सांगितल्या नव्हत्या, माझ्या मीच केल्या. सरस्वती म्हटली की पांढरं वस्त्र, म्हणून मी किमोनो पांढरा केला. पुस्तकातला निळा होता. सरस्वती म्हटली की मोकळे केस, घरोघरच्या तसबिरीत असतात तसे, म्हणून पुस्तकातला अंबाडा सोडून पाठीवर केस सोडले. आणि पाय. पायांचं काय सांगू. मला पाय काढता येत नाहीत. नोकरीभर मी मुलांना पाय काढायला शिकवले, पण फळ्यावर स्वतः काढायची वेळ आली की माणूस गवतात उभा करायचो. दुर्गादेवीच्या मंडळांचे पडदे रंगवायचो तेव्हा सगळे देव ढगांत. इथंही मी खाली धुकं सोडलं. पांढरा किमोनो त्या धुक्यात हळूहळू विरघळला. ते तर मला इतकं आवडलं की मी लांब जाऊन, डोळे बारीक करून, स्वतःशीच ‘वा’ म्हणालो.

चित्र मी कागदावरून प्लायवूडवर उतरवलं होतं. मित्रानं कोणाचं तरी ड्रिल आणून भिंतीला भोकं पाडली आणि चारी कोपऱ्यांत असे स्क्रू आवळले की भूकंप झाला तर घर पडलं असतं, चित्र नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी यवतमाळला माझ्या घरी चहा पीत ते जाडजूड पुस्तक चाळत बसलो होतो. दाराआडून सहज पुढं आल्यावर काय बोलायचं, त्याची तयारी. पान उलटलं आणि समोर ती उभी. पांढरा किमोनो. मोकळे केस. छातीसमोर मनगटापासून लोंबणारे दोन हात. आणि खाली पाय नाहीत, धुकं. चित्राखाली लिहिलेलं होतं की जपानी भुताच्या या खुणा आहेत.

मी मोबाईलमधला माझ्या चित्राचा फोटो उघडला आणि पुस्तकाशेजारी ठेवला. चहा गार झाला.

तरी मनाची समजूत घालायला मी म्हटलं, रंगाचं काय, केसांचं काय, योगायोग आहे. एक खूण शिल्लक होती, ती तपासायची हिंमत होत नव्हती. किमोनोचे दोन काठ छातीवर एकमेकांवर येतात. जिवंत माणसाचा डावा काठ वर. उजवा वर फक्त मेलेल्याचा, प्रेताला नेसवतात तेव्हा. ही गोष्ट मी शिबिरात दरवर्षी सांगत असे. वर आपल्याकडचं उदाहरणही देत असे की बघा, पितरांच्या वेळी आपण जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो, सव्याचं अपसव्य, तसंच हे. शिक्षक लिहून घेत. आणि मी स्वतः कागद उलटा केला, बाईचं तोंड देवाकडे झालं, आणि अंगावरचं वस्त्र तिरडीवरचं झालं. फोटोत उजवा काठ वर, लालभडक किनारीसकट, कोणाच्या नजरेतून सुटू नये असा ठळक.

आणि चेहरा मुलीचा. हुबेहूब. एरवी माझं एक पोर्ट्रेट जमत नाही. एकदा मुख्याध्यापकांचं काढलं तर त्यांच्या घरच्यांनी विचारलं, हे कोण? पण हा चेहरा असा जमला होता की बघताच ओळखावं.

मी मित्राला फोन केला. तो शेतात असला की फोन घरी ठेवतो आणि घरी असला की शेतात विसरतो. मुलीचा फोन बंद, अभ्यासासाठी. शेवटी वहिनींनी उचलला.

“वहिनी, ते चित्र जरा भिंतीवरून उतरवता येईल का?”

“काहून? पडून राह्यलं का?”

“पडत नाही. पण उतरवा.”

“पडत नाही त उतरवाचं कायले?”

“रंग ओला असेल.”

“भाऊजी, मी रोज फडक्यानं पुसून राह्यली. तुम्ही या न जेवाले. पुरण टाकलं.”

आता फोनवर कसं सांगायचं की वहिनी, पुरण थांबवा, मी तुमच्या मुलीला प्रेत केलंय. मी रंगांची पेटी पिशवीत घातली आणि स्टँड गाठला. बाभुळगावची एसटी उभी होती. कंडक्टर नव्हता. कंडक्टर आला तेव्हा ड्रायव्हर चहाला गेला. एका बाईनं माझ्या मांडीवर कोंबडीची टोपली ठेवून “दादा, जरासं धरा न” म्हणून खिडकीतून कोणाशी तरी भांडण सुरू केलं. मी डोळे मिटले तर पांढरा किमोनो दिसायचा आणि उघडले तर कोंबडी.

पोचलो तेव्हा घर सारवल्यासारखं लखलखीत. दारात रांगोळी. मुलगी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जपानी वाक्यं पुटपुटत होती. मला बघून हसली. “काका, चित्र किती मस्त दिसून राह्यलं न?” तिला काही सांगणं शक्यच नव्हतं. मागच्या वेळी ती का गप्प झाली होती ते सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मनात एक पाल चुकचुकली की संपलं.

बैठकीत मी एक चादर घेऊन चित्रावर टाकायला गेलो. वहिनी मागून आल्या.

“अवं माय. आजच्या दिवशी देवीवर चादर टाकता? चादर त मुर्द्यावर टाकतात.”

मला सांगावंसं वाटलं की वहिनी, तोच तर मुद्दा आहे. चादर खाली ठेवली.

मग मित्राला अंगणात ओढलं आणि कानात सगळं सांगितलं. त्याला आधी कळेचना.

“कोणाचं भूत?”

“तुझ्या मुलीचं.”

तो पायरीवर बसला. बसल्या बसल्या म्हणाला, “तुले हे आज सुचलं?”

“आजच दिसलं.”

“पुस्तक किती सालापासून आहे तुह्यापाशी?”

मी पिशवीतली रंगांची पेटी चाचपली.

“पोरीले समजू देजो नको. चाल, खोलतो थे.”

ड्रिलनं आवळलेले स्क्रू ड्रिलनंच सुटले असते, पण लाईन गेलेली. इंटरनेटचं खोकं तेवढं इन्व्हर्टरवर चालू होतं. मित्रानं पेचकस आणला. एक स्क्रू कुरकुरत निघाला. बाकीच्यांच्या डोक्यावरची खाच घसरून गुळगुळीत झाली. त्यानं स्क्रूला शिव्या दिल्या, मग पेचकसाला, मग मला. मी त्याला म्हटलं, कागद उलटा कर असं कोण म्हणालं होतं? तो म्हणाला, “मी शेतकरी आहो बे. मी म्हणीन आकाशाले पाय लाव. मास्तर तू आहेस का मी?” एवढा वैताग मला वर्गातल्या शेवटच्या बाकानंही दिला नव्हता, आणि तोंड उघडायला जागा नव्हती.

एकच उपाय उरला. जागेवरच जिवंत करायची. काठ बदलायचा, डावा वर घ्यायचा, आणि जमलं तर पाय. मी स्टुलावर चढलो, मित्रानं स्टूल धरलं. आत वहिनी मुलीच्या हातावर दही-साखर देत होत्या. मी पांढऱ्या रंगानं जुनी किनार झाकायला घेतली. लाल रंग पांढऱ्यातून वर येऊन गुलाबी झाला. वर डावा काठ ओढला. आता दोन्ही काठ वर दिसायला लागले. म्हणजे बाई धड जिवंत नाही, धड मेली नाही, अशी मध्येच अडकली. मी पुन्हा पांढरा रंग घेतला.

तेवढ्यात मुलगी बैठकीत आली, खुर्चीवर बसली आणि लॅपटॉप उघडला. अजून वेळ होता. पण जपानी माणसं वेळेच्या आधी तयार असतात, हे मला पुस्तकात कुठं सापडलं नव्हतं. नागपूरच्या एजन्सीतल्या माणसाचा आवाज आला, मॅडम ऑनलाईन आहेत, जोडून देतो. मित्र बनियनवर होता. तो स्टूल सोडून उंदरासारखा आत पळाला.

मी राहिलो. स्टुलावर, कॅमेऱ्याकडे पाठ, हातात ब्रश, आणि ब्रश सरस्वतीच्या छातीवर.

त्या क्षणी मी जो निर्णय घेतला तो मला अजून बरोबर वाटतो. मी हललो नाही. माझा हिशेब असा की एक तर मी हललो नाही तर चित्राचाच भाग वाटेन, आणि दुसरं, माझ्या पाठीआड निदान ते काठ झाकलेले राहतील. मी आडवा पसरून उभा राहिलो, जमेल तेवढा रुंद होऊन. रंग ब्रशवरून मनगटावर आला, मनगटावरून बाहीत शिरला आणि कोपरापर्यंत गार गार ओघळत गेला.

मागं एका म्हाताऱ्या बाईचा मऊ आवाज. मग मुलीचा. आवाज पातळ होता, पण होता. ती बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग ती बाई काहीतरी बोलली आणि थांबली, आणि मुलगीही थांबली. ती शांतता मी ओळखली. बाईंना माझ्या खांद्यावरून पांढरा किमोनो दिसला असणार, मोकळे केस दिसले असणार. आता त्या विचारणार, हे काय आहे. मुलगी वळून बघणार आणि मागच्या वेळेसारखी मुकी होणार. मी भिंतीला नाक लावून मनात त्या सरस्वतीची माफी मागितली. दोन्ही देशांतल्या.

मुलगी मुकी झाली नाही. तिनं लांबलचक काहीतरी सांगितलं, शांतपणे. मग बाईंचा प्रश्न, मग हिचं उत्तर. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. आणि त्याच वेळी माझ्या पोटरीत गोळा आला. मी एका पायावर डुलायला लागलो, स्टूल ठकठक करायला लागलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुलीनं येऊन माझं कोपर धरलं.

“काका, हळू. हं. हा पाय इथं ठेवा. शाब्बास. आता हा.”

हे ती अशा सुरात बोलली की मला वाटलं मी खरंच पडणार होतो. तिनं मला सोफ्यावर बसवलं, मुठीतून ब्रश अलगद सोडवला, माझा हात आपल्या ओढणीनं पुसला, पाण्याचा पेला दिला, मी दोन घोट घेईपर्यंत उभी राहिली आणि मग जाऊन खुर्चीवर बसली. घाई नाही, राग नाही.

आता चित्र उघडं होतं. दोन्ही काठ वर, गुलाबी डाग, ओघळ. स्क्रीनवर एक पांढऱ्या केसांच्या बारीकशा बाई पुढं झुकून बघत होत्या. चित्राकडे नाही. माझ्याकडे. मी शिष्टाचार म्हणून कमरेत वाकलो. त्याही वाकल्या. समोरच्यापेक्षा जरा जास्त वाकावं असं मी वाचलं होतं, म्हणून पुन्हा वाकलो. त्याही पुन्हा वाकल्या. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. मुलीनं मागं हात करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं, तेव्हा मी थांबलो.

मुलाखत संपल्यावर मित्र शर्ट घालून बाहेर आला, वहिनी आल्या. मी कोणी विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. काठ, केस, हात, पाय, धुकं. मुलगी चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण काका, त्यांनी चित्राचं काहीच विचारलं नाही.”

“मग ते प्रश्न कसले होते?”

ती बापाकडे बघायला लागली. बाप म्हणाला, सांग न.

“त्यांनी विचारलं, मागं ते कोण आहेत. म्हटलं, काका आहेत. वय झालं, कधी कधी असे भिंतीवर रंगवत बसतात. रागवायचं नाही, हळूच उतरवायचं.”

“आणि?”

“त्यांनी विचारलं, ते कधी अंगावर धावून येतात का. म्हटलं, नाही. फक्त भाषण देतात.”

मित्र खांबाला धरून हसायला लागला.

“मग त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय करता. म्हटलं, ऐकून घेतो.”

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, अगं पण मी शुद्धीवर आहे. मुलगी म्हणाली, “हो न काका. पण स्टुलावर काहून उभे आहात थे मलेच माहीत नव्हतं. मग दुसरं काय सांगणार?” खुणांचा सगळा अभ्यास माझ्या पोटात तसाच राहिला आणि त्यावर मी पुरणपोळी खाल्ली.

काही दिवसांनी मित्राचा फोन आला. निवड झाली. एजन्सीच्या माणसानं सांगितलं म्हणे, घरच्या वयस्कर माणसाला मुलीनं ज्या धीरानं सांभाळलं ते मॅडमना फार आवडलं. मित्राचा आवाज ओला झाला होता आणि तो लपवायला तो मला शिव्या देत होता. मुलगी मागून ओरडून काहीतरी जपानी म्हणत होती. मला आनंद झाला. खरोखर झाला. पण मी एवढंच विचारलं की आता तरी ते चित्र उतरवशील का, नीट करून देतो. तर म्हणे, “नाव घेऊ नको. त्याच्यापुढं तुह्या वहिनीनं उदबत्ती लावली. शकुनाचं आहे थे.”

म्हणजे बाभुळगावात आता एका बिनपायाच्या जपानी भुताला रोज उदबत्ती मिळते, आणि खाली माझी सही आहे. आणि दूर जपानात एका प्रतिष्ठित बाईंची पक्की समजूत आहे की यवतमाळ जिल्ह्यातला जपानी चित्रकलेचा एकमेव जाणकार हा डोक्यानं गेलेला म्हातारा आहे.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, निवड झाली हे उत्तमच, पण मुलीनं माझ्याबद्दल परक्या देशात असं धडधडीत खोटं सांगावं?

बायकोनं एक जून काडी बाजूला टाकली.

“खोटं काय सांगितलं तिनं?”